हातांवरचं फडकं

बाईंनी लॅपटॉपच्या झाकणावरून एकदा तळवा फिरवला आणि हात लगेच मागे घेऊन मांडीवरच्या पर्सखाली सरकवला.

"जड आहे," त्या म्हणाल्या.

"उचलला कुठे तुम्ही अजून?" सून म्हणाली. "उघडून तरी बघा, आई. झाकणावरून आत काय शिजतंय ते कळत नाही."

काउंटरवरच्या मुलीने दोन लॅपटॉप आधीच बाजूला सारले होते. पहिला काळा, दगडासारखा, बटणांखाली लाल-हिरवे दिवे लागणारा. दुसरा इतका पातळ की त्याची बटणं आहेत की नुसती रंगवलीत असा प्रश्न पडावा. आता तिने तिसरा आणून ठेवला आणि सुनेकडे बघून विचारलं, "वापर काय असणारे?"

"रोजचाच, साधा. ईमेल, बिलं भरणं, नातवंडांचे फोटो बघणं. आणि थोडा गेम."

"गेम कोण खेळणार? मुलं?"

"ह्या."

मुलीने बाईंकडे पहिल्यांदाच नीट बघितलं, झाडावर चढलेल्या बकरीकडे बघावं तसं.

गेमचं खूळ बाईंचं नव्हतं. हातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, बोटं थांबली की संपली. रोज अर्धा तास बटणं बडवायची, कंटाळा येतो तर गेम खेळत बडवा. एवढं सुनेला ठाऊक होतं. तिला ठाऊक नव्हतं ते असं की मागच्या हिवाळ्यात, घरात कुणी नसताना, बाई मुलाच्या कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या, आणि सांगितलेल्या जागी जाणारी बोटं दोनच उरली होती. उजव्या हाताचं पहिलं आणि डाव्या हाताचं पहिलं. बाकीची नुसती पाहुण्यांसारखी बसून राहिली. चाळीस वर्षं गावाला टायपिंग शिकवलेल्या बाईची ही दोन बोटं कुणाच्याही दृष्टीस पडू नयेत, एवढीच त्यांची इच्छा होती. लॅपटॉप कुठलाही घ्या, पण इथे बसून चालवून दाखवा असं म्हणू नका.

आणि आज नेमकं ह्या दुकानात यायचं होतं.

काचेच्या केबिनमध्ये मालक बिल करत बसला होता. पन्नाशी ओलांडलेला, अंगाने सुटलेला, चष्मा कपाळावर चढवलेला. तोंड दिसायच्या आधी बाईंना त्याची मान दिसली होती. खाली वाकलेली, आणि दोन बोटं बटणांवर टकटक आपटणारी. जित्याची खोड. बाईंनी खुर्ची फिरवून घेतली होती, पण उशीर झाला.

"बाई!"

तो बाहेर आला आणि त्यांच्यासमोर उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते न कळून त्याने ते पाठीमागे बांधले, वर्गात असताना बांधायचा तसेच.

"ओळखलंत का मला?"

बाईंची आठवण म्हणजे लोखंडी कपाट. आत गेलेलं काही हरवत नसे आणि किल्ली त्यांच्याचकडे असे. सायकलच्या दुकानावरचा जिना, वर टायपिंगच्या सोळा मशिनी, खिडकीजवळची सात नंबरची, दुपारची दोनची बॅच. प्रत्येक मशीनला दोरीने बांधलेलं पिवळं फडकं. ते हातांवर ओढून घ्यायचं आणि समोरच्या कागदाकडे बघत टाइप करायचं. बोटांनी आपापल्या जागा आपण शोधायच्या. सात नंबरवरचा हा मुलगा फडक्याचं टोक करंगळीने हळूच उचलायचा आणि खाली बघून घ्यायचा. दोनच बोटांनी टिपायचा. बाई एकदा त्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय रे कोंबड्या, दाणे टिपतोयस?" पंधरा दिवस सगळी बॅच तो आला की कॉक्-कॉक् करायची. बाईंनी कुणाला गप्प केलं नाही. पट्टीपेक्षा हसण्याने माणूस लवकर शिकतो, असं त्यांचं मत होतं.

"नाही हो," बाई म्हणाल्या. "इतकी मुलं येऊन गेली. कुणाकुणाला लक्षात ठेवणार?"

त्याचा चेहरा क्षणभर तसाच राहिला, मग त्याने तो आवरून घेतला.

"बरोबर आहे. मी काही लक्षात राहण्यासारखा नव्हतोच," तो हसत म्हणाला, आणि सुनेकडे वळला. "काय बघताय?"

पुढची दहा मिनिटं तो चांगला बोलला, हे बाईंनाही मनात मान्य करावं लागलं. तो दिव्यांचा काळा लॅपटॉप त्याने स्वतःच उचलून परत ठेवला. "हा रात्रंदिवस लढाया खेळणाऱ्या पोरांसाठी. तापतो, पंखा घुंघुं करतो, मांडीवर घ्याल तर चटका बसेल. आणि हा पातळ, हा मिरवायला. बटणं खाली जातच नाहीत, बोटांना कळत नाही दाबलं की नाही. तुम्ही मधला घ्या. साध्या गेमला ह्याची ताकद भरपूर झाली. पडदा मोठा, बटणं मऊ आणि लांब लांब. हाताला त्रास नाही."

शेवटच्या वाक्यावर बाईंनी चमकून वर बघितलं. पण तो स्टिकर सोलत होता.

"चला, घेऊन टाकू," बाई म्हणाल्या आणि उठू लागल्या.

"असा कसा घेऊन टाकाल? बसा, बाई. दोन ओळी टाइप करून बघा."

"नको, त्यात काय बघायचं?"

"अहो, तुम्ही नाही बघणार तर कुणी बघायचं?" त्याने दुरुस्तीच्या टेबलावरच्या दोघांना हाक मारली. "या रे इकडे! ह्या कोण माहितीये? निम्म्या गावाला टायपिंग ह्यांनी शिकवलं. डोळे बांधून मिनिटाला सत्तर शब्द. मी डोळ्यांनी बघितलंय."

"खरंच, आई?" सून कौतुकाने म्हणाली. "आम्हाला कधी दाखवलं नाहीत!"

दोघे दुरुस्तीवाले आले. मोबाइल घ्यायला आलेलं एक जोडपंही सरकत सरकत जवळ आलं. मालकाने एक गेम लावला. निळ्या आभाळातून शब्द हळूहळू खाली येत होते. जमिनीला टेकायच्या आत टाइप केला की शब्द फुटायचा, नाही तर खालचं एकेक घर पडायचं. मग त्याने खिशातून पडदे पुसायचं मऊ फडकं काढलं. पिवळं. झटकून त्याने ते बटणांवर पसरलं.

"आठवतं का, बाई?"

तो हसत होता. ते हसू मानाचं की डूख धरल्याचं, हे बाईंना ओळखता येईना, आणि माणसाचं हसू ओळखता येत नाही असं त्यांच्या बाबतीत फारसं होत नसे. सगळे बघत होते. सुनेने त्यांच्या मांडीवरची पर्स अलगद उचलून स्वतःकडे घेतली.

हात उघडे पडले. बाईंनी ते चटकन फडक्याखाली घातले.

पहिला शब्द फुटला. दुसरा टेकला. तिसराही टेकला, चौथा अर्धा होईतो पाचवा आला. घरं पडत होती. बाई ताठ बसल्या होत्या, मान सरळ, नजर समोर, अगदी शिकवायच्या तशा. पण फडक्याखाली दोनच उंचवटे हलत होते. एक इकडे, एक तिकडे. टिप, टिप.

"सवय गेली असेल," मोबाइलवाली म्हणाली.

मालकाला मात्र कळलं होतं. तो पडद्याकडे बघत नव्हता, फडक्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत आता आसुरी आनंद चमकेल म्हणून बाई वाट बघत राहिल्या. तो त्यांनी सोसला असता, तो त्यांच्या ओळखीचा होता. पण त्याचा चेहरा मऊ झाला. पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला बघून होतो तसा. त्याने तळवा पुढे करून हलकेच फडक्यावर ठेवला, त्यांच्या हातांवर.

"थांबा, बाई. ह्याची बटणं अडकतायत. पीसच खराब आलाय हा. दुसरा आणा रे."

सगळे सैल झाले. सून म्हणाली, "तरीच!"

एवढ्यावर सगळं भागलं असतं. पण काउंटरवरची मुलगी कामाला चोख होती. तिने फडकं बाजूला केलं, लॅपटॉप आपल्याकडे वळवला आणि दहाही बोटांनी, लाह्या फुटाव्यात तसे, पडद्यावरचे सगळे शब्द फोडून टाकले.

"सर, चालतोय की! काही झालेलं नाही ह्याला."

दुरुस्तीवाल्यांपैकी एकाने बाईंच्या हातांकडे बघितलं. मग सुनेने बघितलं. हात टेबलावरच राहिले होते, वाकड्या, सुजलेल्या सांध्यांचे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. बाईंनी ते सावकाश मांडीवर घेतले आणि मालकाकडे मान वर केली.

"तू सात नंबरच्या मशीनवरचा ना रे?"

तो दचकला. त्याच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला, पोरकटच म्हणायचा. "हो, बाई! खिडकीजवळची. आठवलं तुम्हाला?"

"आठवणार नाही तर काय? मशीनला नावं ठेवायची तुझी सवय जुनीच. तेव्हाही तुझी बोटं चांगली असायची आणि मशीन खराब." बाईंचा आवाज वर्गातला झाला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "काय म्हणायचे बरं तुला सगळे? हां. कोंबड्या! दोन बोटांनी दाणे टिपायचा ना हा. आणि मघाशी बघितलं तर अजून तसाच टिपतोय. एवढं मोठं दुकान थाटलंय, पण बिल कोंबडीचंच."

मोबाइलवाला मोठ्याने हसला. काउंटरवरच्या मुलीने तोंडावर हात धरला. दुरुस्तीवाले दोघे टेबलाकडे परत गेले, आणि टेबलाच्या मागून कुणीतरी, अगदी हळू, कॉक्-कॉक् केलं.

"आई," सून दबक्या आवाजात म्हणाली.

"काय आई? खोटं बोलतेय का मी?"

मालक हसला. हसायलाच हवं होतं. त्याने तोच लॅपटॉप खोक्यात घालायला सांगितलं आणि बिल करायला बसला. आता सगळे त्याच्या हातांकडे बघत होते. त्याने दोन बोटं उचलली, थांबला, आणि मग तिसरं, चौथं बोट वापरायला गेला. चुकलं. खोडलं. पुन्हा चुकलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. शेवटी त्याने सगळं पुसून दोनच बोटांनी बिल पुरं केलं, आणि त्या टकटकीखेरीज दुकानात कसलाही आवाज नव्हता.

सून पैसे द्यायला गेली तेव्हा तो खोकं घेऊन बाईंजवळ आला. चिकटपट्टी लावता लावता वर न बघता म्हणाला, "म्हणजे तुम्हाला सगळं आठवतं."

"मला सगळं आठवतं."

"मग आई पण आठवत असेल. माझी. वडील गेल्यावर त्यांच्या ऑफिसातली जागा माझ्यासाठी धरून ठेवली होती, परीक्षेचं सर्टिफिकेट तेवढं हवं होतं. तुम्ही परीक्षेला बसणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढलंत तेव्हा ती आली होती. तीन बॅचा होईस्तोवर जिन्यात उभी होती."

बाई खोक्यावरच्या पट्टीकडे बघत राहिल्या.

"तुम्ही तिला सांगितलंत, यादी गेली." त्याने पट्टी दाताने तोडली. "ती शेवटपर्यंत म्हणायची, बाई वाईट नाहीत रे, यादी हातातून गेली होती, नाही तर नाव घातलं असतं त्यांनी. मी म्हणायचो, तू भोळी आहेस. ह्यावरून आम्ही फार भांडलो. म्हणून विचारतो. गेली होती ना यादी?"

जिन्यात त्याची आई भिंतीला चिकटून उभी होती, जाणाऱ्यायेणाऱ्याला वाट देत. बाई तिच्या अंगावरून उतरल्या होत्या, काखेत पर्स घट्ट धरून. पर्समध्ये यादी होती. पोस्टात टाकायला त्या निघालेल्या होत्या, आणि पोस्ट बंद व्हायला अजून तास होता.

"गेली होती," बाई म्हणाल्या.

त्याने मान हलवली. "मग ठीक आहे," तो म्हणाला, आणि खोकं स्वतः उचलून बाहेर रिक्षात ठेवून आला.

घरी आल्यावर सुनेने लॅपटॉप बाईंच्या खोलीत टेबलावर लावून दिला, गेम कुठे आहे ते दाखवलं. खोक्याच्या तळाशी पिवळं फडकं होतं, नीट चौपदरी घडी केलेलं.

"हे फडकं सगळ्यांनाच देतात का गं?" बाईंनी विचारलं.

"देत असतील. पुसायला," सून म्हणाली. दारापर्यंत जाऊन ती थांबली. "आई, त्या माणसाने तुमच्यासाठी खोटं सांगितलं होतं. कळलं होतं ना तुम्हाला?"

"दार ओढून घे जाताना."

दार लागलं. निळ्या आभाळातून पहिला शब्द निघाला. बाई ताठ बसल्या, मान सरळ, नजर समोर. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी त्यांनी फडकं उलगडून हातांवर पसरलं. शब्द खाली खाली येत राहिला. मग बाईंनी एकदा दाराकडे बघितलं, करंगळीने फडक्याचं टोक हळूच उचललं, आणि खाली बघितलं.