बोल्टांवरची माती

लॉन्ड्रीवाल्या बाईंची डिझेल पिकअप वीस वर्षांची होती. रोज सकाळी दोन इस्पितळांतून मळक्या चादरींची गाठोडी आणायची आणि संध्याकाळी धुतलेल्या, इस्त्री केलेल्या चादरी पोचवायच्या, एवढंच तिचं काम. नवऱ्याची नजर अधू झाल्यापासून, म्हणजे गेली नऊ वर्षं, गाडी बाईच चालवत होत्या.

एक दिवस गाडीखाली तेलाचा बशीएवढा डाग दिसला. आठवड्यात तो ताटाएवढा झाला, तेव्हा दोघं नवराबायको गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेली. मिस्त्रीनं वाकून खाली पाहिलं आणि तो नवऱ्याकडे वळला.

"दादा, इंजिनाचं मागचं ऑइल सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय तिथं हात पोचत नाही. आठ दिवस लागतील."

"गाडी मी चालवते," बाई म्हणाल्या.

"हो वहिनी," असं म्हणून त्यानं पुढचं सगळंही दादांनाच सांगितलं.

आठ दिवस बाईंनी शेजाऱ्याची तीनचाकी मागून घेतली आणि एका खेपेच्या तीन खेपा केल्या. गाडी परत आली, आणि तिसऱ्याच दिवशी खाली पुन्हा तेल. पुन्हा गॅरेज. या वेळी मिस्त्री वाकलासुद्धा नाही.

"राग मानू नका दादा, पण बाईमाणसाच्या हातात क्लच म्हणजे दणकेच. नवं सील तरी किती टिकणार? आणि इंजिनही म्हातारं झालंय. विकून मोकळे व्हा."

परतताना बाई म्हणाल्या, "तुम्ही तोंडात गुळणी धरून का बसलात?"

"मला काय कळतं इंजिनातलं?"

"माझ्या चालवण्यातलं कळतं ना? नऊ वर्षं शेजारी बसताय."

नवरा खिडकीबाहेर बघू लागला. आणि गंमत अशी, की बाईंनाही आतून वाटायला लागलं, आपलंच चुकत असेल. पुढचे चार दिवस त्या क्लच जीव मुठीत धरून सोडत होत्या. चढावर मागचे हॉर्न वाजवत, तरी त्या सावकाशच.

सुट्टीच्या दिवशी त्या पोतं अंथरून गाडीखाली शिरल्या. डाग दिसतो तिथं घासत बसायचं नसतं, तो आला कुठून ते आधी बघायचं, ही गोष्ट त्यांना तीस वर्षांच्या धंद्यानं शिकवली होती. सगळं धुऊन कोरडं करावं म्हणून त्यांनी ब्रश उचलला आणि हात तसाच थांबला. गिअरबॉक्सच्या जोडावर गोल रांगेत बोल्ट होते. एकूणएक बोल्टावर वाळून दगड झालेली जुनी माती, खाली गंज. पाना लागल्याची खूण एकावरही नव्हती.

"अहो, खाली या."

नवरा चष्मा सावरत कसाबसा आत सरकला आणि नाक लावून पाहू लागला. "हे तर उघडलेलंच नाही," तो म्हणाला.

बाईंची कानशिलं तापली. तरी त्यांनी आधी फोनमध्ये फोटो काढले. मग इंजिन धुतलं, पुसलं, त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरली आणि गाडी सुरू ठेवली. पाव तासात पावडरीवर काळी रेघ उमटली. इंजिनावरच्या झाकणाच्या, म्हणजे टॅपेट कव्हरच्या, मागच्या कोपऱ्यातून तेल निघत होतं, इंजिनाच्या पाठीवरून ओघळत होतं आणि बरोबर गिअरबॉक्सच्या जोडापाशी टपकत होतं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती.

"या दादा," मिस्त्री म्हणाला.

"तिच्याशी बोला," नवरा म्हणाला. "गाडी तिची आहे."

बाईंनी फोन पुढं केला. "यातला एक बोल्ट दाखवा, ज्याला तुमचा पाना लागलाय."

मिस्त्रीनं फोटो पाहिले. "माणसांवर काम सोपवलं होतं वहिनी. मी नव्हतो तेव्हा."

"तुम्ही नव्हतात, गिअरबॉक्स उतरला नाही, सील बदललं नाही. मग ते माझ्या क्लचनं खराब झालं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मिस्त्री हात पुसत राहिला. "ठेवा गाडी. आजच करून देतो."

"या गाडीला आता तुमचा हात लागायचा नाही."

त्या वळल्या तेव्हा गिऱ्हाइकांतला एक टॅक्सीवाला दुरुस्तीला दिलेल्या आपल्या गाडीची चावी भिंतीवरच्या खिळ्यावरून काढून घेत होता.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग बाईंनी स्वतः बदललं. जुनं वाळक्या कातड्यासारखं ताठ झालं होतं आणि मागच्या कोपऱ्यात तुटलं होतं. त्यांनी कड खरवडून साफ केली, नवं पॅकिंग बसवलं आणि मधल्या बोल्टापासून कडेला थोडं थोडं आवळत गेल्या. नवरा वाटीतले बोल्ट एकेक करून हातात देत होता. दोन तास लागले. गाडीखाली पसरलेला पुठ्ठा दुसऱ्या दिवशीही कोरडा होता, आठवड्यानंतरही.

"आता तरी राग सोड," चादरींच्या घड्या घालताना नवरा म्हणाला. "गळती थांबली की."

"गळतीचा राग नव्हताच. चार दिवस मला माझंच चालवणं चुकीचं वाटत होतं, त्याचा आहे."

त्यानं हातातली चादर खाली ठेवली. "मी त्याच दिवशी बोलायला हवं होतं."

"हवंच होतं," बाई म्हणाल्या आणि पुढचा ढीग त्यांनी त्याच्याकडे सरकवला.