हात काढ

काडीचं टोक अजून धूसरच... मागची जास्वंदीची पानं मात्र शीर न् शीर दिसावी इतकी स्पष्ट. कॅमेऱ्याचं काय, जे मोठं दिसेल त्याच्यावर तो भाळतो — बोटाएवढी वाळकी काडी त्याच्या खिजगणतीत नाही. फोटोवाल्यांनी डोळा बाजूला घेतला, चष्मा पुसला, पुन्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. काडी जागेवर होती, पक्ष्यांसाठी पाणी ठेवलेल्या मातीच्या ताटलीशेजारी तिरकी रोवलेली, बायकोनेच रोवलेली. काडीवर बोट तेवढं नव्हतं.

दुकान बंद केल्यापासून दोघांचा सकाळचा हाच उद्योग. ती बागेत जाऊन काडीच्या टोकाशी हात धरायची, हे खिडकीतून त्या हातावर फोकस लावायचे, एक फोटो काढून बघायचे आणि हाक मारायचे — हात काढ. मग ती पाय न वाजवता पायरीवर येऊन बसायची, आणि कधीतरी हळद्या यायचा, नेमका तिच्या बोटांच्या जागी. तिने त्याचं नाव ठेवलं होतं पिवळे साहेब. निळा खंड्या म्हणजे जावईबापू, कारण तो यायचा, मान वाकडी करून सगळं न्याहाळायचा आणि पाण्याला न शिवता रुसून जायचा. हाताचा फोटो हे तिथल्या तिथे पुसून टाकायचे. काम झालं की चाचणीचा फोटो ठेवायचा नाही, ही दुकानातली सवय.

लेकीचा परवा फोन आला होता. आईचा एखादा चांगला फोटो पाठवा, भिंतीवर लावायचाय. ह्यांच्याकडे होता तो ओळखपत्रासाठी काढलेला, तोच पाठवला. तिने लगेच उलट फोन केला.

"ही आई नाही, बाबा. ही कुणीतरी श्वास रोखून बसलेली बाई आहे."

खरंच होतं. हनुवटी खाली, हलू नका, हसू नका — सगळ्या गावाला बसवलं तसं तिलाही बसवलं होतं मी. लोकांच्या घराघरात माझे फोटो, आणि माझ्या घरात... दिव्याखाली अंधार, दुसरं काय! ती म्हणायची कधीकधी पायरीवरून, अहो, साहेबांचे काढून झाले असतील तर माझाही काढा की एखादा. आणि मी भिंगावरचा डोळा न काढता म्हणायचो, तू काय कुठे उडून चाललीयस?

काल ते कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे गेले होते. पुसलेले फोटो परत मिळतात कधीकधी, असं कुणीतरी म्हणालं होतं. चेहरा नको होता, नुसता हात चालला असता — मनगटावरच्या पोळल्याच्या डागासकट, सैल झालेल्या बांगडीसकट. त्या माणसाने बरीच खटपट केली, मग खुर्ची वळवून म्हणाला, "काका, नुसतं पुसलं असतं तर काढून दिलं असतं. पण त्याच जागेवर तुम्ही नंतर पक्षी भरलेत." ते बरं म्हणाले आणि चष्म्याचं घर त्याच्या टेबलावर विसरून आले.

पक्षी भरलेत... शेकडो. एकेका पक्ष्याखाली एकेक हात गेला. आणि दवाखान्यात तरी वेगळं काय झालं? तिचा हात माझ्या हातात होता, आणि नर्स हळूच म्हणाली, आजोबा, हात काढा आता. तिला पुढचं सगळं करायचं होतं, तिची काही चूक नव्हती. पण मी काढला की लगेच. थोडा वेळ तसाच ठेवला असता तर कुणाचं काय बिघडणार होतं...

ते बागेत गेले, स्वतःचं बोट काडीच्या टोकाशी धरून उभे राहिले — आणि मग खिडकीकडे पाहिलं तर तिथे कुणीच नाही. ती असती तर पोट धरून हसली असती. तसेच आत आले आणि भिंगाची कडी अंदाजाने फिरवू लागले. इथे मनगट असायचं, इथे डाग, इथे नखं... आणि काडीचं टोक एकदम लख्ख झालं. त्याच्यावर रिकामी हवा, हाताएवढी. पायरीवर कुणी नाही हे त्यांना माहीत होतं. तरी जुने दोन शब्द ओठांपर्यंत आलेच, ते त्यांनी गिळले. राहू दे, ते म्हणाले. राहू दे हात तसाच. बोट बटणावर गेलं.

तेवढ्यात पिवळे साहेब आले. बरोबर टोकावर बसले, पंख झटकले, कोवळ्या उन्हात असे काही पिवळे की एरवी फोटोवाल्यांनी धडाधड दहा फोटो काढले असते. ते बटणावरचं बोट उचलून नुसते बघत राहिले. जरा सरक रे बाबा, त्यांना वाटलं, मध्ये येतोयस.