कडूबामामांचं वजन

भाड्याने इलेक्ट्रिक स्कूटर देणारी कंपनी गाशा गुंडाळून गेली, तेव्हा तिच्या थकल्याभागल्या गाड्या सत्यमने लिलावात उचलल्या. बॅटरी उघडायची, मेलेले सेल काढून नवे घालायचे, कंपनीने वेगाला घातलेला लगाम सोडवायचा आणि गाडी पुन्हा माणसात आणायची, हा त्याचा धंदा. गाडी पास की नापास, हे मात्र यंत्र नव्हे, कडूबामामा ठरवत. मामा म्हणजे क्विंटलभराचा ऐवज. त्यांना मागे बसवून जी गाडी खुलताबादचा घाट न थांबता चढेल, तीच विकायची. मामांनाही ही फेरी भारी आवडे. वर चहा-भजी मिळत, आणि घरी भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा ते बरं होतं.

आजची गाडी तबस्सुमसाठी होती. ती खुलताबादला राहायची आणि आजारी अम्मीला मागे बसवून शहरातल्या दवाखान्यात ने-आण करणार होती.

"घाटात बंद पडली तर अम्मीला चार पावलं चालवत नाही, भाऊ," ती म्हणाली होती.

"माझ्या मामाला नेती ती गाडी कुणालाबी नेती," सत्यमने शब्द दिला होता.

गाडी घाट अशी चढली की सत्यमची छाती फुगली. वर आल्यावरही बॅटरी निम्म्याहून जास्त शिल्लक. उन्हाळ्यापासून एकही गाडी नापास झाली नव्हती. आपला हात बसला, अशी तो स्वतःलाच शाबासकी देत होता. मग त्याच्या लक्षात आलं, की वाटेतल्या खड्ड्यांत मागचं चाक मडगार्डला एकदाही घासलं नव्हतं. मामा बसले की ते घासायचंच, गाडी कुठलीही असो.

"मामा, परत बसा बरं," तो खाली वाकून म्हणाला.

मामा बसले. मागची स्प्रिंग जेमतेम दबली. सत्यमने मान वर केली. मामांचा सदरा खांद्यावरून ओघळत होता, गळ्याची हाडं दिसत होती. रोजच्या पाहण्यातला माणूस त्याने नीट पाहिलाच नव्हता.

पलीकडे कांद्याच्या व्यापाऱ्याचा काटा होता. सत्यमने मामांना त्यावर उभं केलं. अडुसष्ट किलो.

तबस्सुमची अम्मी चांगली भरदार बाई होती. त्याने तिथूनच तबस्सुमला फोन लावला. "ताई, गाडी आज देत नाय. माझी पारख चुकली. उन्हाळ्यापासून विकलेल्या सगळ्याच परत तपासाव्या लागतील."

ती म्हणाली, "बरं झालं, आधी सांगितलं."

तो मामांजवळ आला. त्यांनी समोर आलेल्या भज्यांना हातही लावला नव्हता.

"कवापासून हाय हे?"

"पाडव्यापासून. जेवण जात नाय. रातच्याला ताप येतो."

"मंग बोलले का नाय?"

मामा म्हणाले, "वजन उतरलं म्हणल्यावर तू दुसरा कुणी जाडजूड धुंडला असता. मंग मला हितं कोण आणणार?"

सत्यमला स्वतःची लाज वाटली.

"वजनाला वाळूची पोती बांधीन मी," तो म्हणाला. "तुम्ही नुसतं बसायला यायचं. चला, आधी डॉक्टरकडं."

घाट उतरताना मामांनी त्याचे खांदे धरले. ते हात फार हलके होते. सत्यम गाडी अगदी हळू चालवत होता.