मला मुका म्हणणारे मालक

मी जीपीएस बोलतोय. सायकलच्या हँडलवर बसून वाट दाखवणारी डबी. सावकाश ऐका, मला घाई नाही.

दुकानात माझ्या शेजारी मोठ्या रंगीत काचेची भावंडं होती. माझे आताचे मालक खरेदीला आले आणि त्यांनी एकेकाला उन्हात नेऊन पाहिलं. काहींच्या काचेवरचं काही दिसेना, काही ओल्या बोटाला दाद देईनात. मला आपली बटणं, आणि वाटेतल्या कुठल्याही टपरीवर मिळतील असे साधे सेल. मीच पसंत पडलो.

"वळण आलं की हा वाजतो, डावीकडे एकदा, उजवीकडे दोनदा," दुकानदार म्हणाला. मालकांनी नुसती मान हलवली. छापखान्यातल्या यंत्रापाशी जन्म गेला, बारीक आवाज आता त्यांच्या कानात शिरत नाही. पण कबूल कोण करणार?

नवरा-बायको सायकलींवरून दूर लेकीकडे निघाले. लेकीनं बजावलं होतं, "बाबा, एकदा जरी रस्ता चुकलात, तर सायकली विकून टाकीन."

मी वाजायचो, मालक सरळच. मग मागून बाई ओरडायच्या, "अहो, डावीकडे!"

"डबी मुकी निघाली," मालक म्हणायचे. "बरं झालं तुला रस्ते कळतात."

बाई हसू गिळायच्या. मी काय बोलणार?

मग घाट लागला. बाई धापा टाकत मागे राहिल्या. माथ्यावर वळण होतं, मी वाजलो. मालकांनी समोरचा उतार पाहिला आणि सायकल सोडली. मी टाहो फोडतोय आणि मालक गाणं म्हणताहेत! पायथ्याशी वळून बघतात, तर बाई नाहीत.

तेव्हा कुठे त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. बाण मागे, डोंगराकडे. त्यांनी माझ्यावर बोट ठेवलं. वाजून वाजून मी थरथरत होतो.

सायकल ढकलत वर आले. बाई दगडावर बसून संत्रं सोलत होत्या.

"काय हो, छान होता का उतार?"

"हा वाजतो होय गं?"

"दुकानापासून."

मालकांनी संत्र्याची एक फोड उचलली. मग म्हणाले, "लेकीला सांगशील?"

"रस्त्याचं मी विसरले. कानाचं तुम्ही सांगा."

त्यांनी मला काढून बाईंच्या हँडलवर बसवलं. उरलेली वाट बाई पुढे, मालक मागे. लेकीच्या दारात चपला काढायच्या आधीच मालकांनी बोलून टाकलं, "कान तपासायला ने मला. सायकल मात्र विकायची नाही."

आज ते कानाला यंत्र लावून आलेत. परतीची तयारी चालली आहे, मला नवे सेल घालताहेत. आता पहिल्यांदाच ऐकतील ते मला. थांबा जरा, घसा खाकरून घेतो.