आधी नयनाला सांगितलं

तस्नीम आजही नयनाच्या गाडीतून गेली. तलासरीहून डहाणूला जाणाऱ्या एसटीत कीर्तीने सवयीने शेजारच्या सीटवर पर्स ठेवली, आणि मग कोणी येणारच नाही हे आठवून ती परत मांडीवर घेतली. अंगाचा नुसता तिळपापड झाला तिच्या.

आता कीर्ती काही वाईट बाई नव्हे. शाळेतल्या पोरी तिच्यावर जीव टाकतात. पण मैत्रीच्या बाबतीत तिचा स्वभाव भारी कडक! डहाणूहून तलासरीच्या शाळेत शिकवायला जायचं, खिडकीपाशी तस्नीम आणि तिला खेटून कीर्ती, हे इतकी वर्षं चालत आलं होतं की कंडक्टरही न विचारता दोघींची तिकिटं एकत्र काढायचा. तस्नीमचं लग्न, तिचं बाळंतपण, सासूचा दमा, सगळं कीर्तीला पाठ. आणि ठाण्याहून बदली होऊन आलेली ही नयना, जिला अजून झरी कुठे नि वाणगाव कुठे कळत नाही, तिने येऊन तस्नीमला पळवावं?

"अगं, तिच्या गाडीत एसी आहे. कोणीही जाईल," कीर्तीचा रेल्वेतला नवरा शैलेश घरी म्हणाला.

"तुला नाही कळायचं," कीर्ती म्हणाली आणि फोडणीत मोहरीऐवजी मेथ्या टाकून बसली.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत नयना स्टाफरूममध्ये उभी राहिली. "मला सगळ्यांची मदत हवी आहे," ती म्हणाली. "एक संस्था आहे, लहान मुलींचा खतना बंद व्हावा म्हणून काम करते. सहा-सात वर्षांच्या मुलीला फसवून नेतात आणि तिच्या नाजूक जागेचा भाग कापतात. याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून सह्या हव्यात. जमेल तशी वर्गणीही द्या."

श्यामकांत सरांनी पेपरात तोंड घातलं. कीर्तीला मात्र संधीच मिळाली.

"अहो मॅडम, ते आफ्रिकेत असतं! आपल्याकडे कुठून आलं?" ती म्हणाली. "इथे पोरींना धड जेवायला मिळत नाही, आणि तुमचं आपलं काहीतरी भलतंच." आणि खो खो हसली. हसता हसता तिने तस्नीमकडे पाहिलं, कारण अशा वेळी दोघी मिळूनच हसायच्या.

तस्नीम डब्याचं झाकण लावत होती. "पाणी आणते," म्हणाली आणि भरलेली बाटली घेऊन बाहेर गेली. कीर्तीने तेवढंही बरोब्बर टिपलं. बघा, नयनाला बोललं तर हिला किती झोंबलं!

शनिवारी सकाळची शाळा सुटली. तस्नीम म्हणाली, "आज कोसबाडला काम आहे गं," आणि नयनाच्या गाडीत बसली. नयना कोसबाडला भाड्याने राहायची. झालं, कीर्तीचं डोकं फिरलं. तिने रिक्षा केली. आज दोघींच्या तोंडावर विचारतेच, काय एवढं गुळपीठ आहे ते!

नयनाच्या दारात तस्नीमच्या चपला होत्या. दार नुसतं लोटलेलं. कीर्ती हात उचलणार, तोच आतून तस्नीमचा आवाज आला.

"मी सात वर्षांची होते. मावशी म्हणाली, चल, तुला फ्रॉक घेऊ. दुकानात गेलोच नाही आम्ही. एका जुन्या बिल्डिंगीत वर चढलो. तिथे एक म्हातारी बाई होती..."

कीर्तीने उचललेला हात खाली घेतला. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात पहिलं काय आलं? कीव नाही, राग नाही. पहिलं आलं ते हे, की नयनाला आधी सांगितलं. मग तिला स्वतःचीच अशी किळस आली की हुंदकाच फुटला. दार उघडून ती आत शिरली.

"तस्नीम!"

नयनाने झटकन फोन बंद केला. "अहो कीर्तीताई, रेकॉर्डिंग चाललंय. संस्थेला पाठवायचं आहे, नुसता आवाज. लोकांना ऐकवणार आहेत."

कीर्तीला ते ऐकूच गेलं नाही. "इतकी वर्षं मी तुझ्या बाजूला बसतेय. आणि तू हिला सांगितलंस?"

तस्नीम ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "नयनाची बदली होईल. ती कुठे, मी कुठे. पण तू रोज बाजूला बसणार. माझ्याकडे बघणार, आणि मला कळणार की हिला आत्ता तेच आठवतंय. एक तरी माणूस हवं होतं गं मला, ज्याच्यासाठी माझं असलं काही झालेलंच नाही."

तस्नीमने ओढणीचं टोक सोडलं.

"आणि तू परवा हसलीस ना, तेव्हा वाटलं, बरं झालं नाही सांगितलं."

"मी मूर्ख आहे गं."

"आहेसच," तस्नीम म्हणाली. हसली नाही.

नयना हळूच म्हणाली, "यात यांचा आवाज आलाय. पहिल्यापासून करावं लागेल. नसेल जमत तर राहू दे, तस्नीम."

"नाही. माझ्या मुलीला, अरवाला, सहावं लागलंय. तिला मी कोणाला हात लावू देणार नाही, ते ठरलंच आहे. पण आमच्यातल्या बाकीच्या पोरी आहेत ना." तस्नीमने कीर्तीकडे नीट पाहिलं. "आता तुला कळलंच आहे, तर सगळं ऐक. नयना, तू जरा बाहेर बस."

नयना उठली. कीर्तीसाठी पाण्याचा पेला ठेवला आणि अंगणात गेली. इतके महिने जी जागा हवी म्हणून कीर्तीचा जीव जळत होता ती तिला मिळाली, आणि नयनाने परत यावं, आपण बाहेर जावं, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

ती तस्नीमजवळ बसली. तस्नीमने फोन सुरू केला, पण तोंडातून शब्द फुटेना. कीर्तीने तिचा हात घट्ट धरला.

तस्नीमने तो सोडवून घेतला. "हात नको धरूस. तेव्हा मावशीने धरला होता. तू नुसती बस."

कीर्तीने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ती बसून राहिली.