पुढच्या डाव्या चाकाचा आवाज

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी मोटार आहे. पांढरी म्हणजे एकेकाळची, आता कुणी पिवळट म्हटले तरी मी रागावत नाही.

कारखान्यातून नवी कोरी बाहेर पडले तेव्हा माझा तोरा काय वर्णावा! मला घेणाऱ्या घरातले वडील रोज सकाळी माझ्या काचा पुसत. मुलगी मागच्या सीटवर उड्या मारी. आई पुढे बसे. आईला दिसत नव्हते, तरी रस्ता तिला तोंडपाठ होता आणि तो माझ्यामुळे. पुलाच्या जोडांवर मी दोनदा धडधडले, की ती म्हणे, "नदी आली." दगडी रस्त्यावर चाके खडखडली, की म्हणे, "आता शाळा." या कौतुकाने मी सुखावून जाई.

पुढे वडील गेले. मुलगी मला चालवू लागली. माझ्या पुढच्या डाव्या चाकाच्या सांध्यातले रबर झिजले, तेव्हा गॅरेजच्या मिस्त्रींनी ते बदलले. त्या दिवशी त्यांच्या दारात गाड्यांची रांग होती. त्यांनी माझे काम हातोहात उरकले.

दुसऱ्याच दिवशी प्रत्येक धक्क्याला चाकाजवळ 'कट्' असा आवाज येऊ लागला.

"कुठे आलो गं?" आईने विचारले.

"पूल केव्हाच गेला, आई."

त्या आवाजात आईचा रस्ताच हरवला होता. मग तिने बाहेर पडणेच सोडले. मुलगी मला दोनदा परत घेऊन गेली. मिस्त्री उभ्याउभ्याच म्हणाले, "अहो ताई, म्हातारी झाली गाडी. आवाज करायचीच!" मला फार लागले ते. मी अंगणात धूळ खात पडले. शेवटी रविवारी मला भंगारात द्यायचे ठरले.

शनिवारी आई म्हणाली, "एकदा मला घेऊन चल मिस्त्रींकडे."

तिथे ती माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. मिस्त्रींनी मला जॅकवर उचलले, चाक हलवले. आवाज नाही. त्यांनी मला खाली सोडले.

"थांबा," आई म्हणाली. "टेकताना कण्हली ती. वर होती तेव्हा गप्प होती."

मिस्त्री थबकले. मग जमिनीवर आडवे होऊन माझ्याखाली सरकले. बऱ्याच वेळाने बाहेर आले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"काकू, रबर बदललं तेव्हा चाक लोंबकळत असतानाच मी बोल्ट आवळले. गाडी टेकली की रबर पिळलं जातं. फाटलंय ते. गाडीच्या वयाचा दोष नाही हो. चूक माझी आहे."

त्यांनी नवे रबर बसवले. माझा सगळा भार चाकांवर येऊ दिला आणि मगच, माझ्याखाली पडून, बोल्ट आवळले.

परतताना मी जीव मुठीत धरून पुलावर चढले. धड, धड. बाकी काही नाही.

"नदी आली," आई म्हणाली. मुलीने डोळे पुसले.

मित्रांनो, घरातले जुने कुणी कण्हू लागले, तर आधी त्याचे वय काढू नका. खाली वाकून बघा, आपल्याच हातून काही चुकले असेल. मिस्त्री वाकले, म्हणून रविवार उलटूनही मी अंगणात उभी आहे.