अव्वानं केलेलं बाळंतपण

दानेश्वरीला आत नेलं तेव्हा तिची आई रत्नव्वा गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून बाहेरच्या बाकावर बसली होती. कोल्हापुरातल्या राजारामपुरीतला तो दवाखाना लहानसाच होता, आतला आवाज बाहेर यायचा. बाळ मोठं होतं, अडकलं. शेवटी चिमटा लावून काढावं लागलं. बाळ रडलं तेव्हा रत्नव्वाही रडली, आणि नर्सनं मुलगा झाल्याचं सांगितल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, "माझी पोर कशी हाय?"

"टाके जरा जास्त पडलेत," नर्स म्हणाली. "पण बरी आहे."

बाळाचं नाव शिवांश ठेवायचं आधीच ठरलं होतं. बाळंतीण मात्र माहेरी गडहिंग्लजला न्यायची की इथंच ठेवायची यावर थोडी चर्चा झाली. दानेश्वरीचा नवरा प्रभुलिंग याचं शाहूपुरीत पाण्याच्या मोटरींचं दुकान होतं. त्याला आई नव्हती. तो म्हणाला, "अव्वा, तुम्ही म्हणाल तसं. मला यातलं काही कळत नाही." मग रत्नव्वा लेकीला आणि नातवाला घेऊन गडहिंग्लजला गेली.

बाळंतपण करण्यात रत्नव्वाचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. ज्या पोरीला आई नाही, जिची आई दूर कर्नाटकात, तिच्याकडं ही आपणहून जायची. अंगाला तेल चोळायची, ओव्याची धुरी द्यायची, शेपू-भाकरी खाऊ घालायची, बाळंतीण रडायला लागली तर शेजारी बसून राहायची. कुणाकडून काही घ्यायची नाही. आता तर पोटची पोर होती. डिंक तळताना ती स्वतःशीच गुणगुणायची.

इकडं प्रभुलिंग दुकानात बसून मोबाइलवर शोधायचा. बायकोसाठी काहीतरी करावं असं त्याला फार वाटायचं आणि करता येण्यासारखं एवढंच होतं. त्यामुळं गडहिंग्लजच्या घरी रोज खोकी यायला लागली. टाक्यांवर कोमट पाणी सोडायची वाकड्या तोंडाची बाटली, मध्ये भोक असलेली बसायची उशी, मोठे पॅड, दूध काढायचं यंत्र, स्तनांच्या चिरांवर लावायचं मलम. रत्नव्वा प्रत्येक वस्तू उलटसुलट करून बघायची. बाटली तिला आवडली. "ह्ये भारी काढलंय की," ती म्हणाली. "आमच्या वेळी तांब्यानंच सगळं."

एका खोक्यात पोटाचा पट्टा होता. खोक्यावर सपाट पोटाची एक बाई हसत होती. रत्नव्वा रोज आंघोळीनंतर आपल्या जुन्या मऊ लुगड्याची पट्टी दानेश्वरीच्या पोटाला आवळून बांधायची, तिला पट्ट्याची गरज वाटली नाही. पण प्रभुलिंगचा फोन आला, "अव्वा, पट्टा बांधताय ना? तिथं लिहिलंय, घट्ट बांधला की लवकर फरक पडतो." जावयाचं मन मोडायला नको म्हणून रत्नव्वानं लुगड्याच्या पट्टीवरून तोही बांधायला सुरुवात केली.

"अव्वा, श्वास घ्यायला जड जातंय," दानेश्वरी म्हणायची.

"हूं दे. थोडं सोसायचं. पोट सुटलं तर जन्मभर तसंच ऱ्हातंय."

दानेश्वरी सोसायची. आईच्या हातांवर तिचा विश्वास होता, आणि खरं सांगायचं तर आईचे हात कमरेभोवती फिरायचे तेवढा वेळ तिला बरंही वाटायचं. तिला लवकर उभं राहायचं होतं. राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये ती बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवायची. तास घेताना ती कधी खुर्चीवर बसली नव्हती. शेवटच्या बाकापर्यंत आवाज जायचा तिचा.

थोड्याच दिवसांत तिला खाली ओढल्यासारखं वाटायला लागलं. शिंक आली की कपडे ओले व्हायचे. पॅड होतेच, म्हणून ती कुणाला बोलली नाही. मग एकदा मोरीत बसून अंग धुताना तिच्या हाताला काहीतरी लागलं. मऊ, गोल, तिचंच, पण तिथं नसायला हवं असं. ती भिंतीला धरून उठली. बाहेर शिवांश रडत होता आणि अव्वा त्याला काहीबाही बोलत खेळवत होती.

चार-पाच दिवस तिनं ते पोटात ठेवलं. मग एकदा अव्वा तेल चोळत असताना तिच्या तोंडून निघून गेलं, "अव्वा, खाली काहीतरी आलंय."

रत्नव्वाचे हात थांबले. तिनं बघितलं. चेहरा पांढरा पडला, पण आवाज तिनं घट्ट ठेवला. "अंग बाहेर आलंय. हुतंय बायकांना. पोट सैल ऱ्हायलंय, माझंच बांधायला कमी पडलं." आणि त्या दिवसापासून तिनं पट्टी आणखी आवळली. गुडघा गादीला टेकवून, सगळा जोर लावून. दानेश्वरीनं डोळे मिटून घेतले आणि बांधू दिलं.

कमी काही झालं नाही, वाढतच गेलं. शेवटी दोघी बाळाला घेऊन कोल्हापूरला आल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि क्रांती नावाच्या फिजिओथेरपिस्टकडं पाठवलं. क्रांती ही बाळंतपणानंतरच्या बायकांनाच तपासायची. शांत बोलणारी, दानेश्वरीच्याच वयाची. रत्नव्वा शिवांशला मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली होती.

तपासून झाल्यावर क्रांतीनं विचारलं, "पोट बांधत होता का?"

दानेश्वरी काही बोलायच्या आत रत्नव्वाच म्हणाली, "व्हय तर. मी बांधत हुते. पट्टी बी आनि वरनं पट्टा बी. बोट शिरंल एवढी जागा ठिवली न्हाय." तिच्या बोलण्यात अभिमान होता. आपण पोरीचं किती केलं हे कुणीतरी शिकलेल्या बाईनं ऐकावं, असं तिला वाटत होतं.

 क्रांती म्हणाली, "मावशी, सैलसर बांधलं तर आधार मिळतो. पण एवढं आवळलं की आतला सगळा भार खाली जातो. आणि खालचे स्नायू तर आधीच फाटलेले होते."



"म्हंजे माझ्यामुळं झालं?" रत्नव्वानं विचारलं.

"नाही, तसं नाही. बाळ मोठं होतं, चिमटा लावला होता. बांधलं नसतं तरी कदाचित झालंच असतं. नक्की कुणालाच सांगता येणार नाही."

दानेश्वरी पटकन म्हणाली, "ऐकलंस ना अव्वा? चिमट्यानं झालंय."

"ऐकलं," रत्नव्वा म्हणाली.

पण तिच्या मनात आवळल्यानं भार खाली जातो एवढंच राहिलं होतं.  प्रभुलिंगच्या घरी आल्यावर तिनं स्वयंपाक केला, बाळाचे लंगोट धुतले, पण दानेश्वरीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी दानेश्वरी मुद्दाम म्हणाली, "अव्वा, पाठीला तेल लाव की." रत्नव्वानं तेलाची वाटी गरम करून आणली आणि तिच्यासमोर ठेवली. "तूच लाव बाई," म्हणाली.

प्रभुलिंगला सगळं कळलं तेव्हा तो तिच्यापुढं येऊन बसला. "अव्वा, पट्टा मी मागवला होता. घट्ट बांधा म्हणून मीच सांगितलं. चूक असेल तर माझी."

"तुमी बाप्ये मानूस. तुमाला काय कळणार? मला कळाय पायजे हुतं," ती म्हणाली. "एवढ्या पोरींचं केलं मी. त्यातल्या किती जणींचं असं झालं असंल आनि बोलल्या नसतील, कुनाला ठावं?"

 त्या आठवड्यात ती गडहिंग्लजला निघून गेली.

क्रांतीनं शिकवलेले व्यायाम दानेश्वरीनं नेमानं केले. श्वास सोडताना खालचे स्नायू वर ओढायचे, धरायचे, सोडायचे. लघवी गळणं थोडं कमी झालं. बाकीचं तिथंच राहिलं. मग डॉक्टरीणबाईंनी खाली आलेल्या अंगाला आधार द्यायला आत एक रबरी रिंग बसवली. रिंग असली की चालता यायचं, पण तासभर उभं राहिलं की ती टोचायची, सरकायची. ऑपरेशन होऊ शकत होतं. पण दुसरं मूल हवं असेल तर आत्ता नको, आणि केलं तरी पुन्हा होणारच नाही अशी खात्री नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या मुलाचा विषय त्या दोघांनी घरी काढलाच नाही. एकमेकांच्या जवळ जाण्याचाही विषय हळूहळू निघेनासा झाला. प्रभुलिंग चांगला होता, काही मागायचा नाही. ते न मागणंच दानेश्वरीला जास्त लागायचं.

ती क्लासमध्ये पुन्हा गेली. पहिल्याच तासाला फळ्यावर आकृती काढता काढता तिला मध्येच थांबून टेबल धरावं लागलं. क्लासवाले विजयसिंह सर म्हणाले, "मॅडम, बसून शिकवा की. काय बिघडतंय?" तिनं बसून शिकवून बघितलं. पण मागची पोरं बोलायला लागली, पाठीमागं फळ्यावर लिहायला दर वेळी उठावंच लागायचं आणि तिचा आवाजही पहिल्यासारखा लागेना. पोटातून जोर दिला की खाली कळायचं. तिनं क्लास सोडत असल्याचं सरांना सांगितलं. का, ते सांगितलं नाही. सरांना वाटलं, बाळ लहान आहे.

पुढच्या वर्षी तिची धाकटी बहीण सौंदर्या बाळंत झाली. पहिलीच खेप, म्हणून माहेरी आली. आणि रत्नव्वानं तिचं बाळंतपण करायला चक्क नकार दिला. शेजारच्या धोंडुबाईला पैसे देऊन बोलावलं. सौंदर्यानं बहिणीला फोन केला आणि रडायला लागली. "अक्का, अव्वा माझ्या खोलीतसुद्धा येत नाही. त्या बाईचे हात खरखरीत आहेत. मी काय केलंय तिचं?"

दानेश्वरी शिवांशला प्रभुलिंगकडं ठेवून गडहिंग्लजला गेली. रत्नव्वा पुढच्या सोप्यात ज्वारी निवडत बसली होती. वर्षात खूप वाळली होती.

"अव्वा, मी बरी आहे," दानेश्वरी म्हणाली. "खरंच बरी आहे. सौंदर्याला हात लाव. बांधू नको, नुसतं तेल लाव."

"तू बरी न्हाईस," रत्नव्वा सुपातून वर न बघता म्हणाली. "बसताना तू कड घेऊन बसतीस. मला दिसतंय की."

"क्रांतीमॅडम म्हणाल्या होत्या, तसंही झालं असतं."

"कदाचित म्हनाली हुती ती." रत्नव्वानं खडा काढून बाजूला टाकला. "त्या कदाचितवर मी दुसऱ्या पोरीला हात लावू व्हय?"

आतून सौंदर्याचं बाळ रडलं. रत्नव्वाची मान तिकडं वळली, हात सुपावरून उचलला गेला. मग ती परत खडे बघायला लागली.  थोड्या वेळानं दानेश्वरी आत गेली, धोंडुबाईला पट्टी सैल करायला सांगितली, बहिणीला कुशीवर कसं वळायचं, कसं उठायचं ते दाखवलं. सौंदर्या ऐकत होती आणि दाराकडं बघत होती.

परतीची एसटी खचाखच भरली होती. दानेश्वरी दांडीला धरून उभी राहिली. निपाणी सोडल्यावर रिंग टोचायला लागली. तिनं खिडकीजवळच्या माणसाला विचारलं, "जरा बसू देता का? मला त्रास होतोय."

त्यानं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "काय त्रास? धडधाकट तर दिसताय की."

काय सांगणार? आजूबाजूला माणसं होती.  कागल आलं तशी खाली उतरली आणि स्टँडवरच्या बाकावर एका बाजूला कलून बसली. प्रभुलिंगचा फोन आला. शिवांश मागं ओरडत होता.

"कुठं पोचलीस?"

"कागलला उतरलेय. जरा बसते, मग येते."

"अव्वा तयार झाल्या?"

"नाही," ती म्हणाली.

तो म्हणाला, "मी येऊ का न्यायला?" ती नको म्हणाली. कोल्हापूरची एक गाडी लागली, माणसं दारावर लोंबकळली, गाडी गेली. दुसरी आली, तीही तशीच भरलेली होती. दानेश्वरी बाकावर बसून राहिली.